शनिवारचं तेल

आमच्या घरात सगळ्यात जास्त लाड होतात ते अंगणातल्या लोखंडी भट्टीचे. धुरावर कोंबडी शिजवायला आमच्या मास्तरांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, योसेफने, ती शेवगावच्या वेल्डरकडून करून घेतली. आधीच्या भट्टीची जळणाची पेटी एकाच पावसाळ्यात गंजून तिचा तळ गळून पडला, कारण आतली ओली राख कुणी काढली नव्हती. कुणी म्हणजे मास्तरांनीच. आता ते राख गार झाली की काढतात, पेटी कोरडी पुसतात, तेलाचा हात फिरवतात आणि मंद जाळावर ते मुरवतात. पेटी काळीभोर झाली होती. माझ्या गुडघ्यांना त्यांनी कधी तेल लावलेलं नाही.

आमच्या एंजेलाने शिंगणापूरकडच्या हर्षलशी कोर्टात लग्न केलं, तेव्हापासून मास्तर जावयाशी एक शब्द बोलले नव्हते. नाताळाच्या तोंडावर दोघं पहिल्यांदाच आली. मास्तरांनी लेकीला जवळ घेतलं आणि जावयाकडे न बघता भट्टी पुसायला निघून गेले. मला असा संताप आला! या खेपेला हे बोलले नाहीत तर पोरगी पुन्हा यायची नाही, हे मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मास्तर चर्चच्या सजावटीला गेले. सासऱ्यांच्या उपयोगी पडावं असं हर्षलला वाटलं. त्याच्या गावात जेवणावळी उठल्या की तरणी पोरं कढया घासून लखलखीत करतात. त्याने पेटी तशीच घासली. साबण, राख, नारळाची शेंडी, कशाची कसर ठेवली नाही. मी बाहेर आले तेव्हा पेटी पांढरी झाली होती आणि जावई खुशीत होता.

मास्तर आले. पेटीकडे बघत उभे राहिले. एंजेला नखं खायला लागली. मी मनात प्रार्थना सुरू केली.

"तेल लावाय पायजे," ते पेटीलाच म्हणाले. "आत्ताच. न्हाईतर गंज धरंल."

घरातलं तेल मी चकल्यांत संपवलं होतं. तसं सांगताच हर्षलने पिशवी उचलली, दारात जरा थबकला, मग मुकाट्याने चपला घालायला लागला.

"थांबा," मास्तर म्हणाले. "आज शनवार हाय. तुमच्यात आज तेल इकत घेत न्हाईत."

हर्षल पिशवी धरून तसाच उभा.

"इकत मी घेतो," मास्तर म्हणाले. "गाडी तुमी चालवा."

दुकान आमच्या गल्लीच्या टोकालाच आहे. तिथे कुणी गाडीवर जात नाही. मी ते बोलून दाखवलं नाही. मला रडू फुटलं होतं.