कस्तुराबाई, अज्ञात नव्हे

बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या एका छोट्या कंपनीत अवधूत पुस्तकांची पानं जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करायचा. पुण्याहून येऊन त्याला फार दिवस झाले नव्हते. त्याच्या वाट्याला आली होती संदर्भसूची. लेखकाने तपशील भरायचे आणि सॉफ्टवेअरने आडनाव, नाव, साल अशा ठरलेल्या शैलीत ते लावून द्यायचे.

हे सगळ्यात आधी वापरून पाहिलं ते भाग्यलक्ष्मीअक्कांनी. मूळच्या निपाणीकडच्या या बाई बसवनगुडीत राहून बायकांच्या तोंडचे मराठी पाळणे गोळा करत होत्या. पुस्तक छपाईला निघालं होतं, तेवढ्यात त्यांचा फोन आला.

"अवधूत, स्वल्प बघ रे. माझी पाळणे गाणारी कस्तुराबाई 'अज्ञात' कशी झाली?"

आडनावाचा रकाना रिकामा दिसला, की सॉफ्टवेअर तिथे 'अज्ञात' छापत होतं.

"अक्का, नवऱ्याचं आडनाव टाका ना. लगेच सुटेल."

"नवऱ्यानं तिला पोरीसकट घराबाहेर काढलं. त्याचं नाव तिनं तिथंच सोडलं. ते मी परत चिकटवू होय? समोर बसून गायली ती माझ्या."

अवधूतला आपल्याच बोलण्याची लाज वाटली. त्याने आपल्या वरिष्ठाला, रविकिरणला गाठलं.

"शैली आपण ठरवलेली नाही," रविकिरण म्हणाला. "ती बदललीस तर लोकांची जुनी पुस्तकं बिघडतील."

"ती नाही बदलत. वेगळी शैली जोडतो. माणसाने नाव जसं सांगितलं तसं, अख्खं."

"जोड. पण पुढे निस्तरायचं तूच."

काम वाटलं तितकं सोपं निघालं नाही. नाव तोडायची खोड सॉफ्टवेअरच्या हाडीमाशी खिळली होती. एक जागा दुरुस्त करावी, तर यादीचा अकारविल्हे क्रम कोसळायचा. अखेर एकदाची ओळ नीट उमटली: 'कस्तुराबाई. पाळणे. आनेकल येथे प्रत्यक्ष ऐकलेले.' त्याने पान अक्कांना पाठवलं.

अक्कांचा फोन संध्याकाळी आला. "पान मिळालं रे. पण बाई आज सकाळी गेली."

पुढच्या रविवारी दोघं बसने शहराबाहेरच्या आनेकलला गेले. कस्तुराबाईंची मुलगी पवित्रा तिथल्या कारखान्यात कामाला होती. तिचं शिक्षण कन्नडमधून झालेलं. घरात मराठी बोलायची, पण वाचता येत नव्हती. अवधूतने ओळ वाचून दाखवली. तिने अक्षरांवरून बोट फिरवलं.

"एवढंच नाव?"

"एवढंच. त्यांनी सांगितलं तेवढं."

"सरी, बरोबर आहे," ती म्हणाली. मग अक्कांकडे वळली. "अक्का, तिचा आवाज आहे ना तुमच्याकडं?"

अक्कांनी फोनवर लावला. जाडसर, थकलेला आवाज. अवधूत तो पहिल्यांदाच ऐकत होता. दुसऱ्या कडव्यात म्हातारी अडखळली, खोकली.

"थांब गं, चुकलं," ती म्हणाली. "परत म्हणते."

पवित्राने तोंडाला ओढणी लावली. पाळणा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, आणि संपेपर्यंत कुणी जागचं हललं नाही.