पुढच्या दोन दातांमधली फट

"आलं बघा सोंग," कवळीवाला स्वतःशीच पुटपुटला आणि हातातली मेणकामाची सुरी त्याने टेबलावर ठेवली.

लोखंडी जिन्यावर पावलं वाजत होती. दोन माणसांची. एकाची टणटण, दुसऱ्याची फरपटत. टणटण वाजणारी बापाची, फरपटणारी मुलीची. बाप एकशे दोन वर्षांचा, मुलगी एकोणऐंशीची.

खाली दातांचा दवाखाना होता. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन वर पाठवायचा आणि वरच्या खोलीत कवळीवाला कवळ्या बनवायचा. तीस वर्षं हेच चाललं होतं. पेशंटने सतरा पायऱ्या चढून वर यायचं काही कारण नव्हतं. पण या म्हाताऱ्याला जिना चढून दाखवायचा असायचा. आपलं वय समोरच्याला कळल्याशिवाय त्याला अन्न पचत नसे. नवव्या पायरीपाशी कठड्याचा एक भाग निखळायला आला होता, हात टेकला की हलायचा. कवळीवाल्याने ते कुणाला सांगितलं नव्हतं. जे काय व्हायचं ते होऊ दे, असं त्याच्या मनात होतं.

"ओळख, किती वर्षांचा आहे मी?" दारातच म्हातारा ओरडला.

"चौथी कवळी करतोय तुमची. मला माहीत आहे."

"पेपरवाला येऊन गेला काल. एवढं जगायचं रहस्य काय, म्हणाला. मी सांगितलं, रोज गार पाण्याने आंघोळ."

"बाबा, काहीतरीच काय सांगता?" मुलगी दाराच्या चौकटीला धरून धापा टाकत होती. "जन्मात कधी गार पाणी अंगावर घेतलं नाहीत. पहाटे उठून कढत पाणी मी देते तुम्हाला."

"त्याला तुझं थोडीच विचारायचं होतं?"

कवळीवाल्याने तिला स्टूल दिलं. म्हाताऱ्याला दिलं नाही. त्याने आपणहून खुर्ची ओढून घेतली.

असली माणसं कवळीवाल्याने पुष्कळ पाहिली होती. नव्वदीच्या पुढे गेलेली, गालफडं आत गेलेली आणि भूक मात्र शाबूत. कुणी सांगायचं, चालण्याने जगलो. कुणी म्हणायचं, राग केला नाही म्हणून जगलो. सगळ्या थापा. त्याच्या मते शंभरी गाठायला एवढंच लागतं, की आपण काही करायचं नाही आणि करणारं माणूस घरात असलं पाहिजे. ते करणारं माणूस झिजून जातं आणि हे टणटणत राहतात.

त्याची बायको चोपन्नाव्या वर्षी गेली. आठ महिने झाले होते. अकरा दिवसांचं दुखणं. कवळीवाल्याचं धुणं, भांडी, डबा, सगळं चोपन्नाव्या वर्षापर्यंत आटपून गेली. म्हणजे करून घेणाऱ्यांत आपणही होतोच, हे त्याच्या लक्षात आलं होतं. पण तो विचार तो फार वेळ डोक्यात टिकू देत नसे. त्यापेक्षा म्हाताऱ्यांवर चिडणं सोपं होतं.

"तोंड उघडा," तो म्हणाला.

मेणात दात बसवलेली कच्ची कवळी त्याने म्हाताऱ्याच्या तोंडात बसवली. ओठ खाली ओढले. "हं, आता हसा."

म्हातारा हसला.

कवळीवाल्याचा हात तसाच हवेत राहिला.

पुढच्या दोन दातांमध्ये फट होती. तांदळाचा दाणा जाईल एवढी, खाली थोडी रुंद. डावा दात किंचित वळलेला. तीस वर्षांत त्याने कुणाच्या कवळीत अशी फट ठेवली नव्हती. कसं झालं ते त्याला तत्काळ कळलं. पेशंट वारल्याचं समजलं की त्याच्या तोंडाचा प्लॅस्टरचा साचा फोडून टाकायचा, ही त्याची पद्धत होती. फळीला जागा पुरायला हवी ना! म्हाताऱ्याच्या शेजारचे सगळे साचे असे फुटून गेले होते, हाच काय तो जाग्यावर. बायकोचाही एक साचा होता. तो फोडायचा म्हणून त्याने गेल्या आठवड्यात खाली काढला, फोडला नाही आणि टेबलावरच ठेवला. कवळी करताना डोळ्यांसमोर तो होता. हातांनी आपलं आपण बघून केलं.

"ही फट कुठून आली?" मुलीने वाकून पाहिलं. "बाबांच्या दातांत फट कधीच नव्हती."

"चुकून झालंय. काढतो. द्या इकडे." त्याने हात पुढे केला.

म्हाताऱ्याने तोंड गच्च मिटून घेतलं. मग भिंतीवरच्या लहान आरशापाशी गेला आणि दात विचकून स्वतःकडे बघत राहिला.

"राहू दे की. शंभर वर्षं एकच थोबाड बघतोय. जरा बदल."

"राहू दे काय? द्या ती. दुसऱ्याची आहे."

"मेणाची कवळी दुसऱ्याची?"

"फट दुसऱ्याची आहे."

मुलगी पदराने घाम पुसता पुसता थांबली. म्हाताऱ्याची नजर टेबलावरच्या साच्यावर गेली.

"बायकोची?"

कवळीवाल्याने मान हलवली.

तिला त्या फटीची लाज वाटायची. लाज वाटायला त्यानेच लावली होती. कवळीवाल्याची बायको आणि दातांत फट, लोक काय म्हणतील, असं तो लग्न झाल्यापासून म्हणत आला. ती हसताना तोंडावर हात धरू लागली. शेवटी कंटाळून म्हणाली, "घ्या एकदाचं माप, बुजवा ती फट आणि मलाही सोडा." त्याने माप घेतलं, साचा केला. मग दुखणं आलं. घरातल्या एकाही फोटोत तिचे दात दिसत नव्हते.

"माझी जाऊन सत्तेचाळीस वर्षं झाली," म्हातारा म्हणाला. कच्च्या कवळीमुळे त्याचे शब्द ओले येत होते. "ती हसायची कशी, ते आता आठवत नाही. बाकी सगळं आठवतं. सरकारी नोकरीतल्या साहेबाचा कुत्रासुद्धा आठवतो. हेच नाही."

"बाबा, आई गालात हसायची," मुलगी म्हणाली.

"तू सांगतेस म्हणून. मला दिसत नाही." त्याने बोटं घालून कवळी काढली आणि टेबलावर ठेवली. बोळकं तोंड आत गेलं. "तुझी वस्तू आहे. काढायची तर काढ. मला काय, चावता आलं म्हणजे झालं."

ते गेले तेव्हा कवळीवाला जागचा उठला नाही. कठडा हलल्याचा आवाज आला, म्हाताऱ्याने जिन्याला एक शिवी दिली आणि पावलं पुढे गेली.

त्याने बर्नर पेटवला. सुरी तापवली. दोन दात जवळ सरकवायला एक मिनिटही लागलं नसतं. सुरी निवली. परत तापवली. परत निवली. मग त्याने बर्नर बंद केला.

दहा दिवसांनी पावलं पुन्हा वाजली. पक्की कवळी तयार होती. म्हाताऱ्याने ती तोंडात बसवली, जीभ फिरवली, थांबला, पुन्हा फिरवली. आणि हसला. अगदी मोठ्याने, तोंडावर हात न धरता.

कवळीवाल्याने बघून घेतलं. ज्या तोंडाचा त्याला सर्वांत जास्त राग होता, त्याच तोंडात तिचं ते हसू होतं.

"दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं," तो खेकसला.

"तीन महिन्यांनी? मागच्या वेळी तर म्हणालास, आता कशाला येताय."

"आता म्हणतोय ना, यायचं. चुकवायचं नाही. आणि मधेच आजारी बिजारी पडायचं नाही."

"एवढी काळजी कधीपासून रे?"

"तुमची कोण करतंय?"

म्हातारा खूश झाला आणि निघाला. मुलगी मागोमाग. कवळीवाला दारापर्यंत आला. नवव्या पायरीचा कठडा त्याने सकाळीच नवीन स्क्रू मारून घट्ट केला होता.

"धरून उतरा," तो वरून म्हणाला. "घाई करू नका."

"मला शिकवतोस?" खालून आवाज आला.

टेबलावर दुसऱ्या कुणाचं माप येऊन पडलं होतं. बायकोचा साचा पुन्हा फळीवर गेला होता, म्हाताऱ्याच्या साच्याशेजारी. सतरावं पाऊल खाली टेकेपर्यंत कवळीवाला दारातच उभा राहिला.