माझ्यात नसलेली बाई

मित्रांनो, मुलांसाठी लिहिलेल्या एका अद्भुत कथामालिकेच्या पाच भागांतला मी तिसरा भाग. माझ्यावरचं सोनेरी नाव केव्हाच उडालं, कोपरे कसरीनं खाल्ले आणि बाराव्या पानावर चहाचा डाग आहे. वय विचाराल तर साठीच्या पुढे.

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला एका खाडीकाठी नेटाचं घर आहे. चर्चमधल्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून आम्ही पाचही जण तिथे आलो. नेटाच्या मुली दोन. मोराग बारा वर्षांची आणि कर्स्टी सात. धाकटीला अजून अक्षरं जुळवावी लागत, म्हणून थोरलीनं वाचायचं आणि धाकटीनं तिच्या अंगावर पाय टाकून ऐकायचं.

ते माझे वैभवाचे दिवस होते. मोराग ड्रॅगनचा घोगरा आवाज काढी तेव्हा खिडकीची तावदानंसुद्धा कान देत असतील, असं मला वाटे. पण एक गोष्ट मला खटकायची. माझं सातवं प्रकरण आलं की मोरागचे डोळे माझ्या ओळींवरून उठत आणि खिडकीबाहेर खाडीवर जाऊन थांबत.

"मग ओहोटीच्या चिखलात करडी बाई येऊन उभी राहिली," ती हळूच म्हणे. "ती आपल्याच माणसाच्या आवाजात हाक मारते. ओ दिलीस की संपलीस."

"खोटं! पुस्तकात असं नसणार."

"आहे तर! पान एकशे बारा. वाच की तूच."

कर्स्टी कुठली वाचते! ती पांघरूण डोक्यावरून ओढून घेई. मित्रांनो, माझ्या एकाही पानावर ती बाई नव्हती. तरी मोराग तिचं वर्णन करू लागली की माझे कागद गार पडत.

एका शनिवारी दुपारची जेवणं झाल्यावर मोराग बादली घेऊन शिंपल्या गोळा करायला एकटीच खाडीत उतरली. कर्स्टी मला घेऊन कुंपणापाशी चित्रं बघत तिची वाट पाहत बसली. धुकं दाट होत गेलं. चर्चच्या घड्याळाचे चार ठोके पडले. मग धुक्यातून हाक आली.

"कर्स्टी! ए कर्स्टी, इकडे ये ना!"

मोरागचाच आवाज. कर्स्टीनं कुंपणावर एक पाय टाकलासुद्धा. आणि तिला करडी बाई आठवली. मला गवतात टाकून, कानांत बोटं घालून ती घराकडे पळत सुटली. त्यानंतर आणखी दोन हाका आल्या. त्या ऐकायला फक्त मी होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरागचा देह खाडीच्या तोंडाशी सापडला. दवानं फुगलेल्या मला उचलून चारही भावंडांबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवलं. त्या घरात पुन्हा कुणी गोष्ट वाचली नाही. चव्वेचाळीस वर्षं मी अंधारात काढली.

गेल्या हिवाळ्यात पेटी उघडली ती कर्स्टीनं. ती आता एक्कावन्न वर्षांची आहे, दुधाचा टँकर चालवते. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे विश्रांतीला आईकडे आली होती. स्वयंपाकघरात शेगडीपाशी पाय लांब करून ती पहिल्या भागापासून वाचू लागली.

"आई, हा ड्रॅगन एवढासाच होता?"

"तू एवढीशी होतीस म्हणून मोठा वाटला तुला," ब्याऐंशी वर्षांची नेटा म्हणाली.

लहानपणी कंटाळवाणी वाटलेली पानं आता कर्स्टी दोनदोनदा वाची. मुलं जादूच्या देशात निघून गेल्यावर त्यांच्या आईनं मांडलेली ताटं गार होतात, त्या पानावर तिनं डोळे पुसले. मग माझी पाळी आली. एकशे बाराव्या पानावर मुलं टेकडीवर बसून केक खात होती. तिनं मागे पाहिलं, पुढे पाहिलं. चौथा आणि पाचवा भाग संपवून पुन्हा मला उघडलं.

"आई, करडी बाई कुठे गेली?"

चीज रोलला लोणी लावता लावता नेटानं सुरी खाली ठेवली.

"ती पुस्तकात नव्हतीच गं. तू शेपटासारखी मोरागच्या मागे चिखलात जायचीस. मीच तिला म्हटलं होतं, काहीतरी सांगून घाबरव हिला, पण खाडीत येऊ देऊ नकोस. इतक्या वर्षांत तुला सांगायचा धीर झाला नाही मला."

कर्स्टी पांढरीफटक पडली. "म्हणजे ती मोरागच होती! ती मला हाका मारत होती, आई. आणि मी पळाले."

"कधी?"

"त्याच दिवशी. चारचे ठोके पडल्यावर."

नेटानं उठून फडताळातून रुमालाची पुरचुंडी आणली. आत मोरागचं मनगटी घड्याळ होतं. काटे दोनला दहा कमी असताना थांबलेले.

"पाण्यात गेली तेव्हा बंद पडलं. डॉक्टरही म्हणाले, दोनच्या आतच सगळं संपलं होतं. चार वाजता मोराग नव्हतीच, पोरी."

दोघींनी एकदमच खिडकीकडे पाहिलं. ओहोटी लागली होती. मैलभर चिखल उघडा पडला होता आणि त्यावर कुणीही नव्हतं. तरी नेटानं पडदा ओढून घेतला. कर्स्टी आईच्या कुशीत शिरली आणि बहिणीसाठी मोकळेपणी रडली.

आता मी स्वयंपाकघरातल्या फळीवर असतो. कर्स्टीनं माझा कणा डिंकानं पुन्हा चिकटवला आहे. मित्रांनो, आम्हाला ओलीपासून जपा. आणि मोठे झालात तरी आम्हाला एकदा पुन्हा वाचा. तुम्हाला पक्कं आठवतंय असं काहीतरी आमच्यात सापडणार नाही. तेव्हा ते तुम्हाला कुणी सांगितलं होतं, हे घरातल्या माणसांना विचारा. ती माणसं आहेत तोवरच विचारा. कारण त्याचं उत्तर आमच्या पानांत कुठेच छापलेलं नसतं.