पहिलाच गुन्हा

कोर्टाच्या तळघरात जुन्या निकालांची रेकॉर्डरूम होती आणि ती सांभाळणाऱ्या बाईंना सगळी इमारत तळघरबाई म्हणायची. एकवीस वर्षं त्या तिथे होत्या. कुठलाही निकाल मागा, बाई दहा मिनिटांत काढून देतात, असा त्यांचा लौकिक होता. तो त्यांना आवडायचाही, उगाच खोटं कशाला बोला. म्हणून मंगळवारी सकाळी सरकारी वकील धापा टाकत खाली आला आणि बारा वर्षांपूर्वीचा निकाल हवा म्हणाला, तेव्हा बाईंनी मानसुद्धा वर केली नाही.

"बसा. नंबर सांगा."

वकील बसला नाही. तलावावर मुलांना पोहायला शिकवणाऱ्या एका माणसाला काल वरच्या मजल्यावर दोषी ठरवलं होतं. मुलगी अकरा वर्षांची. शिक्षा किती, हे गुरुवारी अकरा वाजता ठरणार होतं. आणि त्याच्या वकिलाने आत्ताच अर्ज दिला होता की अशिलाचा हा पहिलाच गुन्हा आहे, घरी म्हातारे आईवडील आहेत, दया दाखवावी.

"पहिलाच?" आता बाईंनी मान वर केली. "आपल्याच कोर्टात सहा महिने झाले होते की त्याला."

"तेच तर. तो निकाल समोर ठेवला तर चौदा वर्षं मागता येतात. नाही ठेवला तर फार तर तीन. मध्ये दुसऱ्या गावात एक खटला झालाय, पण त्याचं अपील पडून आहे, म्हणून तो धरायचा नाही."

म्हणजे पोरी तीन, आणि हा अजून पहिल्याच गुन्ह्यावर. बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी रजिस्टर ओढलं, पानं उलटली, नंबरावर बोट ठेवलं आणि बोट तिथेच राहिलं. समोर लाल शाईत लिहिलं होतं, 'नष्ट, नियमानुसार'. खाली तारीख आणि सही. सही त्यांचीच होती.

नियम असा होता की वर्षाच्या आतली शिक्षा झाली असेल तर कागद सात वर्षांनी नष्ट करायचे. जमिनीचे, भिंतीचे, वाटेचे दावे मात्र कायम जपायचे. एकाने सामाईक भिंतीत खिडकी पाडली म्हणून साठ वर्षांपूर्वी भांडलेल्या दोघा भावांचे कागद समोरच्याच रॅकवर लाल कापडात सुखाने पहुडले होते. ते दोघे भाऊ गेले, बहुधा ती भिंतही गेली. पण बारा वर्षांपूर्वीच्या त्या पोरीचे कागद मात्र यंत्रात घालून चिंध्या केलेले, कारण तेव्हाच्या न्यायाधीशांनी पहिलाच गुन्हा म्हणून सहा महिन्यांवर भागवलं होतं. हलकी शिक्षा झाली म्हणून खटला लवकर पुसला, आणि पुसला म्हणून आता पुन्हा हलकी शिक्षा. वर त्या वर्षी सगळ्यात जास्त रॅक मोकळे केले म्हणून बाईंचं कौतुकही झालं होतं. ते आठवून त्यांना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

मग फोन सुरू झाले. पोलीस म्हणाले, ते ठाणं दुसऱ्यात विलीन झालं, तुम्ही कोर्टाला विचारा. "मी कोर्टातूनच बोलतेय," बाई म्हणाल्या. मग लेखी पाठवा, म्हणाले. तुरुंगातल्या कारकुनाला नाव सापडलं, पण कशाबद्दल आत होता हे निकाल पाहिल्याशिवाय सांगता येत नव्हतं. अर्ज करा, पंधरा दिवसांत उत्तर देतो. संगणकवाला तर हसलाच. नष्ट झालेली फाईल कुठून चढवू, म्हणाला.

दुपारी कँटीनमध्ये याच माणसाचा विषय चालला होता. टायपिस्ट म्हणत होता, सरळ फाशी द्या. नाझर म्हणत होते, फाशी नको, इंजेक्शन देऊन कायमचं थंड करा. तिसरा म्हणाला, असल्यांना एका बेटावर नेऊन सोडा. बाईंनी चहाचा कप आपटला.

"बेट नंतर शोधा. आधी कागद शोधा. याने हे पूर्वी केलंय एवढंसुद्धा आपल्याला दाखवता येत नाहीये, आणि निघालेत फाशी द्यायला."

बोलता बोलताच त्यांना नकलांची नोंदवही आठवली. कोणाकोणाला निकालाची नक्कल दिली त्याची ही वही. ती कधीच नष्ट झाली नव्हती, कारण नियम करणाऱ्याला तिची आठवणच राहिली नव्हती. त्या निकालाच्या नकला दोन गेल्या होत्या. एक त्याच्या वकिलाला, एक मुलीच्या आईला. पुढे पत्ता.

बुधवारी अर्धी रजा टाकून बाई तिथे गेल्या. तिसरा मजला, जिना चढताना दोनदा थांबल्या. दार आईनेच उघडलं. बाईंनी काय झालं ते सांगितलं, आपल्या सहीसकट. आईने दारातच ऐकून घेतलं.

"तेव्हा तुम्हीच सगळे म्हणत होतात, आता विसरा," ती म्हणाली. "आम्हाला अजून जमलं नाही. तुम्हाला बरं सात वर्षांत जमलं."

बाईंनी ती नक्कल अजून आहे का, एवढंच विचारलं.

"कागद आहे. पण तो तिचा आहे, तिला विचारते." आईने आत जाऊन फोन लावला. लेक चोवीस वर्षांची झाली होती, दुसऱ्या शहरात नोकरी करत होती. बोलणं मिनिटभराचंच झालं. "दे म्हणाली. आणि म्हणाली, मला परत परत विचारू नका."

कागद बाहेर आला तो प्लास्टिकमध्ये पक्का चिकटवलेला. "आणला त्याच आठवड्यात करून घेतलं," आई म्हणाली. "साधे कागद टिकत नाहीत." असे चिकटवलेले कागद कोर्टात घेत नाहीत, हे बाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

गुरुवारी आरोपीच्या वकिलाने नेमकं तेच पकडलं. शिक्का हाताला लागत नाही, शाई तपासता येत नाही. बाईंना साक्षीला उभं केलं.

"मूळ निकाल कुठे आहे?"

"नष्ट केला."

"कोणी?"

"मी."

"मग ही नक्कल खरी कशावरून?"

"मूळ निकालाशी शब्द न् शब्द ताडून खाली सही मीच केली होती," बाई म्हणाल्या. "नष्ट केला म्हटलं ते तुम्हाला लगेच पटलं. मग हेही पटायला हरकत नसावी."

न्यायाधीशांनी कागद उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला आणि पुराव्यात घेतला. तासाभराने शिक्षा सांगितली. चौदा वर्षं.

सरकारी वकिलाच्या तोंडावर हसू मावेना. कालची ती आईही शिक्षा ऐकायला आली होती; बाई मागच्या बाकावर तिच्याजवळ येऊन बसल्या. आई बोटांवर काहीतरी मोजत होती.

"त्याचं वय काय?"

"एक्केचाळीस."

"पंचावन्नाला सुटेल म्हणजे." तिने हात मांडीवर ठेवले. "माझा कागद?"

"तो आता पुराव्यात गेला, ताई. अपील संपेपर्यंत कोर्टातच राहील."

"तुमच्याकडे?"

"या खटल्याचे कागद कायम राहणार," बाई घाईघाईने म्हणाल्या. "मोठी शिक्षा आहे ना. मी स्वतः नोंद करते."

"तुम्ही तोवर असाल का इथे?"

बाईंच्या निवृत्तीला चार वर्षं होती.

"आजच्या निकालाची नक्कल मागायचा तो अर्ज असतो ना, तो द्या," आई म्हणाली. "दोन द्या." बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक तरुण बाई पदराचं टोक मुठीत धरून एकटीच बसली होती. अकरा वर्षांच्या मुलीची आई. "एक तिला भरायला लावते. तो सुटेल तेव्हा तिची पोर पंचवीस वर्षांची असेल. कागद त्यांच्याच घरात असलेला बरा."