खड्ड्याला पाजलेलं पाणी

"वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर आपल्यालाही झटका बसतो ना, मीटरकाका?"

विचारणारी रंगाचे डबे भरण्याच्या टेबलावरची चष्मेवाली होती. रंगाच्या कारखान्यातली साठ माणसं जेवणानंतर भरणा विभागातच फरशीवर बसली होती, आणि मीटरकाका त्यांच्यापुढे उभे राहून विजेपासून कसं वाचावं ते सांगत होते.

"अजिबात नाही. वीज अंगात साठून राहत नाही. बेधडक हात लावायचा, श्वास बघायचा, नसला तर छाती दाबायला लागायचं. लोक नुसते भोवती उभे राहून हळहळतात, तेवढ्यात माणूस हातचा जातो."

"आणि एकदा पडली तिथं परत पडत नाही म्हणतात?"

"कोण म्हणतं? तिला काय वही ठेवायचीय, कुठं पडून झालं त्याची?"

माणसं हसली. चष्मेवालीला चेव आला. "आमचे हे दिवसभर मोबाइलला चिकटलेले असतात. त्यांच्यावर पडेल का?"

"मोबाइल वीज ओढत नाही, बाई. दुसरा काहीतरी उपाय शोधा."

या वेळी मॅनेजरसाहेबही हसले. एकतीस वर्षं मीटरकाका खांद्याला तपासणीची पेटी अडकवून इमारती पालथ्या घालत होते. छतावरच्या वीजरोधकाची तांब्याची पट्टी जिथं जमिनीत उतरते, त्या खड्ड्याचं माप घ्यायचं. आकडा जितका लहान, तितकी जमीन वीज चटकन गिळणार. दहाच्या आत आला की पास, वर गेला की नवा खड्डा खणायला लावायचं. काम एवढंसंच, पण त्यावर त्यांनी संसार रेटला होता आणि शब्दाला वजन कमावलं होतं.

खिडकीबाहेर लख्ख झालं. काकांचे ओठ आपोआप हलू लागले. एक, दोन, तीन. समोर दुसऱ्या रांगेत बसलेल्या त्यांच्या लेकीचं बोटही गुडघ्यावर पडू लागलं. लहानपणी भीती घालवायला त्यांनीच तिला ते शिकवलं होतं. चमकलं की मोजायचं, तीन आकड्यांना एक किलोमीटर. बाविसाव्या आकड्याला गडगडलं. सात किलोमीटर.

आठवडाभर आभाळ असंच भरून यायचं आणि थेंब न टाकता निघून जायचं. आजचा वारा मात्र वेगळा होता, आणि तो इकडेच येत होता.

"झाडाखाली थांबू नका," काका घाईनं म्हणाले. "कितीही भिजलात तरी चालेल, पण झाडाखाली नाही. आणि शेवटचा गडगडाट ऐकू आल्यावर अर्धा तास बाहेर..."

"पण आपल्याला कसली भीती?" लेक शेजारणीला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "आपल्या छतावर वीजरोधक आहे. बाबांनी स्वतः तपासलाय. तो बघ, दाराशी कागद लावलाय. इथंच आपण सगळ्यात सुरक्षित. हो ना, बाबा?"

काकांनी त्या कागदाकडे पाहिलं. काचेमागे त्यांची सही होती आणि सहीवर त्यांच्याच अक्षरातला आकडा, आठ.

तो आकडा खोटा होता.

दोन महिन्यांपूर्वी, कडक उन्हात, मीटरनं अडतीस दाखवले होते. माती पापडासारखी वाळली होती. "आठ दिवसांवर वरून तपासणी येतेय काका, आत्ता खणाखणी नको," साहेब म्हणाले होते. याच साहेबांनी, नवऱ्याचं घर सोडून आलेल्या लेकीला, एक शब्द न विचारता कामावर घेतलं होतं. मग काकांनी ते केलं, ज्यावर या धंद्यातली माणसं चहा पिताना डोळे मिचकावतात. त्यांनी खड्ड्याला पाणी पाजलं. चार बादल्या पाणी, दोन मुठी मीठ, अर्धा तास सावलीत बसणं, की अडतिसाचे आठ होतात. चार दिवसांत पाणी सुकतं आणि कागद तसाच राहतो. तपासणी झाली की येऊन नवा खड्डा खणून घेऊ, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. उद्या करू, परवा करू म्हणता राहून गेलं.

आज त्या सुक्या जमिनीनं वीज घेतली नाही, तर ती वाटेतच दुसरीकडे उडी मारणार होती. पट्टीपासून हातभर अंतरावर, ठिणगीनं पेटणाऱ्या थिनरचा पाइप होता. पाइप भिंतीतून आत येत होता, थेट भरण्याच्या टेबलांपर्यंत, लेकीच्या जागेपर्यंत. 

पुन्हा चमकलं. पंधरा. पाच किलोमीटर.

"बाबा?"

"नाही," काका म्हणाले. मग मोठ्यानं परत म्हणाले, "नाही. इथं कुणी सुरक्षित नाही. उठा सगळे. दोन्ही बस उभ्या आहेत, बसमध्ये बसा. काचा लावा, लोखंडाला हात लावू नका. चला, लवकर."

साहेब पुढे आले. "काका, भलतंच काय? बाहेर विजा चमकताहेत, आणि तुम्हीच लोकांना बाहेर काढताय? कागदावर आठ आहे ना?"

"पाणी घालून आलेले आठ आहेत. खरे अडतीस."

"म्हणजे तुम्ही खोटं लिहिलंत?"

या प्रश्नाचं उत्तर देताना लेकीकडे बघायचं नाही, असं काकांनी ठरवलं आणि तरी बघितलं. "हो. खोटं लिहिलं."

कुणी उठेना. ज्याच्या शब्दावर उठायचं, त्यानंच आपला शब्द खोटा असल्याचं सांगितलं होतं. काकांनी हात जोडले. "मला पाया पडायला लावू नका रे. मला शिव्या द्यायच्यात त्या बसमध्ये द्या. पण उठा!"

आधी चष्मेवाली उठली. मग सगळेच उठले. दारापासून बसपर्यंत चाळीस पावलं उघडं अंगण होतं. त्या चाळीस पावलांत कुणाचं काही झालं तर तेही आपल्याच माथी, हे काकांना माहीत होतं. एकेकाच्या पाठीवर हात ठेवून ते पुढे ढकलत होते, "पळा, पळा," आणि मनातल्या मनात कुठकुठल्या देवांना विनवत होते. लेकीच्या पाठीवर हात ठेवायला गेले, तशी तिनं पाठ आकसून घेतली.

सगळ्यात शेवटी काका बसमध्ये चढले आणि आभाळ फाटलं. पाऊण तास विजा डोक्यावर नाचत होत्या. प्रत्येक कडकडाटाला काका कारखान्याच्या छताकडे बघत. पडायचीच असेल तर आत्ता पड, असं एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं. पडली असती तर ते निदान एकदा तरी खरे ठरले असते. त्या विचाराची त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी मान खाली घातली.

वीज पडलीच नाही. गडगडाट दूर गेला. शेवटच्या गडगडाटानंतर काकांनी घड्याळ लावून अर्धा तास कुणाला उतरू दिलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हातारा चळलाय." लेक पुढच्या सीटवर पाठमोरी बसून होती.

माणसं कामाला लागल्यावर साहेब काकांना खड्ड्यापाशी घेऊन गेले. "लावा मीटर."

काकांनी खुंट्या ठोकल्या, तारा जोडल्या. काटा नऊवर थांबला.

साहेबांनी सुस्कारा सोडला. "बघा. नऊ. आता तर पाणी तुम्ही घातलं नाही ना? नऊ लिहा, सही करा. वय झालं, डोकं फिरलं होतं म्हणून सांगतो मी सगळ्यांना. तुमचीही अब्रू राहील, माझीही."

"हे पावसाचं पाणी आहे, साहेब. चार दिवसांत सुकेल."

"काका, जरा मुलीचा विचार करा. मीही किती दिवस सांभाळून घेणार?"

 एकतीस वर्षांत इतका सोपा आकडा काकांना कधी मिळाला नव्हता, आणि या वेळी तर तो मीटरनंच दिला होता. मग त्यांनी वही गुडघ्यावर घेतली आणि लिहिलं: 'माप पावसानंतरचं, ग्राह्य नाही. आधीचं माप खोटं होतं. इमारत नापास. नवा खड्डा खणेपर्यंत आभाळ आल्यास आत कुणी बसू नये.' सही नेहमीसारखी वळणदार आली. दाराशी जाऊन त्यांनी तो जुना कागद काचेतून काढला आणि नवा लावला.

फाटकाशी आले तेव्हा लेक बाहेर पडत होती. अंगावर कामाचा एप्रन नव्हता, डबा हातात होता.

"साहेबांनी काढलं?"

"मीच सोडलं," ती म्हणाली. "त्या लोकांना तोंड कसं दाखवू? मी सगळ्यांना तुमचं नाव सांगत फिरायचे, बाबा."

 ती पुढे चालू लागली, काका पेटी सावरत मागे. पाऊस पुन्हा भुरभुरू लागला आणि दूर कुठंतरी गुरगुरलं. रस्त्याच्या वळणावर मोठं झाड होतं. चार-पाच वाटसरू त्याच्या बुंध्याशी दाटीनं उभे होते. त्यातल्या एका बाईनं लेकीला हाक मारली, "ये गं आत, भिजशील!"

लेकीनं मान हलवली. "तिथं थांबू नका, मावशी. बाहेर या," असं म्हणत तिनं झाडापासून चांगला लांब, घोटाभर चिखलातून वळसा घेतला. मागं वळून मात्र पाहिलं नाही.

काकांनी खांद्यावरची पेटी छातीशी धरली आणि चिखलात उमटलेल्या तिच्या पावलांवर पाय ठेवत तेही लांबून वळले.