कबरीची पिसं

धनेशची आई गेली त्याला पाच महिने झाले आणि तिच्या कोंबड्या एकमेकींची पिसं उपटायला लागल्या. सहा कोंबड्या, त्यातल्या पाच गुंड. सगळ्यांचा डोळा एकटीवर, कबरीवर. कबरी हिची, धनेशच्या आईची लाडकी. ही भांडी घासायला बसली की कबरी खुशाल हिच्या पाठीवर चढून बसायची. आता कबरीची शेपटी गेली, पाठ उघडी पडली, आणि एका सकाळी त्या पाठीवर रक्त दिसलं.

मला राग आला. आधी कोंबड्यांचा, मग मुलाचा. धनेश ठाण्याला फ्लॅटमध्ये राहतो. फोनवर म्हणाला, पप्पा, कापून टाका, तुमच्या डोक्याचा ताप तरी जाईल. मी फोन ठेवून दिला. कबरीला का कापता येत नाही, हे त्याला पक्कं माहीत आहे. दहाव्याला तो माझ्या शेजारीच उभा होता.

कशेळीच्या खाडीवर त्या दिवशी पिंडाला कावळा शिवेना. तासभर झाला. भाऊबंद म्हणू लागले, केसरीनाथ, काहीतरी कबूल कर, तिचा जीव अडकलाय. मी हात जोडून म्हणालो, वर्षभर घरात मासळी आणणार नाही. कावळा ढिम्म. मग म्हणालो, तुझ्या कबरीला जपेन. तेवढ्यात कावळा शिवला. सगळे म्हणाले, मासळीचा शब्द पोचला. आगरी माणसानं वर्षभर मासळी सोडायची म्हणजे केवढी गोष्ट. कोंबडीला कोण विचारतो? मीही तेच धरून चाललो.

तेव्हापासून मी वरणभात खातो. एकट्यासाठी आणखी काय रांधणार? उरलेला भात कोंबड्यांना.

कबरीसाठी मी काय नाही केलं? राख चोळली, कडुलिंबाच्या पाण्यानं धुतलं, जखमेवर हळद लावली. दुकानातून उवांची पावडर आणली, उवा नव्हत्याच. शेवटी तिला डाल्याखाली वेगळी ठेवली, तर दोन दिवस तिनं दाण्याला तोंड लावलं नाही. एकट्याला अन्न जात नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं.

बुधी पडघ्याकडच्या एका पाड्यावरची, शेजारच्या गोडाऊनात झाडू मारते. दुपारी पाणी मागायला येते. त्या दिवशी तांब्या हातात धरून ती बराच वेळ कोंबड्यांकडे बघत राहिली.

"बाबा, या भांडत न्हाईत," ती म्हणाली. "पिसं गिळतात. भुकेल्या हायत."

पोटभर भात घालतो की, मी म्हणालो.

"भातानं पोट भरतं, पीस न्हाय येत. आक्का काय घालायची?"

काय घालायची! कोलंबीची सालं, मांदेलीची डोकी, साफ केलेल्या मासळीची सगळी घाण. शिवाय मागच्या शेतात त्या दिवसभर किडे उकरायच्या. त्या शेतावर आता गोडाऊन आहे, आणि शेत मीच विकलं. म्हणजे मासळी मी सोडली आणि उपास त्यांना घडला.

सुकट घाल, बुधी म्हणाली. मी तिला खाडीवरचा शब्द सांगितला. ती तांब्या ठेवून गेली.

त्या संध्याकाळी मी फडताळातली बरणी काढली. मे महिन्यात हिनं गच्चीवर वाळवलेला जवळा. तोंडाला पॉवरलूमच्या कापडाची चिंधी, तिला हिची गाठ. घरात मासळी आणणार नाही म्हणालो होतो. ही तर घरातच होती. पाच महिने ती गाठ मी नुसती बघत होतो. शेवटी दातांनी सोडवली. वास आला आणि मी ओट्याशी उभ्या उभ्या रडलो.

रोज भातात दोन मुठी जवळा. आठवड्याभरात पाचही गुंड शांत झाल्या. कबरी पुन्हा त्यांच्यात गेली, खायला लागली. तिसऱ्या आठवड्यात तिच्या पाठीवर पिसांची बारीक टोकं फुटली, आणि त्याच दिवशी बरणीचा तळ लागला.

पुन्हा नुसता भात सुरू केला. पाचव्या दिवशी एकीनं त्या कोवळ्या टोकांवर चोच मारली. मी पिशवी उचलली आणि भिवंडीच्या बाजारातून जवळा घेतला.

येताना मुद्दाम भर गल्लीतून आलो. वास लपणारा नव्हताच. कुणीतरी अडवावं, शब्द मोडलास का म्हणून विचारावं, असं मनापासून वाटत होतं. मी सांगितलं असतं की कावळा दुसऱ्या शब्दाला, कबरीच्या शब्दाला शिवला होता. पण जुनी माणसं गेली, घरं भाड्यानं दिली. दारात बसलेल्या एकानं विचारलं, "चाचा, मच्छी कितने की?" मी भाव सांगितला आणि पुढे झालो.

घरी येऊन बरणी भरली, चिंधी बांधली. गाठ तिच्यासारखी बसली नाही. हिच्या फोटोसमोर जाऊन उभा राहिलो. ही असती तर मला चांगली तासभर बोलली असती.