किटलीची चरबी

डेपोच्या विश्रांतिगृहात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी तिथे लोखंडी खाटांवर ड्रायव्हर लोक घोरत पडलेले असतात. त्या दिवशी खाटा भिंतीला उभ्या लावल्या होत्या आणि मधोमध एका स्टुलावर माझे धाकटे दीर उघड्या पोटानं बसले होते. भोवती ड्रायव्हर, कंडक्टर, वर्कशॉपचे मेकॅनिक आणि बऱ्याच जणांच्या बायका. सगळ्यांच्या माना पुढे.

"आता कुणी शिंकायचं नाही," पोटं उतरवून देणारा लोणीबाबा म्हणाला. "चरबी बिचकते."

आणि खरंच कुणी शिंकलं नाही.

त्यानं भावोजींच्या पोटावरची गरम पाण्याची पिशवी बाजूला केली, तिच्याखालचा रुंद ओला पट्टा सोडला आणि समोरच्या थंड पाण्याच्या परातीत धरून हळूच पिळला. पाण्यावर पिवळट गोळे तरंगायला लागले. काही वाटाण्याएवढे, काही सुपारीएवढे. गर्दीच्या तोंडून एकदम "अगं बाई!" आणि "आयला!" असं दोन्ही बाहेर पडलं.

"बघा! डॉक्टर म्हणतात, चरबी जळते. जळते तर धूर कुठंय?" लोणीबाबानं हात पसरले. "पोट म्हणजे काय, बाळांनो? गिळलेले अपमान. साहेब ओरडला, गिळलं. प्रवासी भांडला, गिळलं. ते सगळं बेंबीभोवती येऊन बसतं. मी फक्त त्याला सांगतो, बाबा रे, आता नीघ."

लोक हसले, काहींचे डोळे भरून आले. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या जावेनं तर हातच जोडले. मी परातीतला एक गोळा उचलायला वाकले, तसा बाबा पटकन मध्ये आला.

"हात नको, ताई. परक्याची चरबी अंगाला चिकटते."

लोणीबाबा हे नाव लोकांनीच पाडलं होतं, कारण तो पोटातून लोण्यासारखे गोळे काढायचा. मी डेपोसमोरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे. शस्त्रक्रियेच्या टेबलावर माणसाची चरबी मी पाहिली आहे. ती कातडीतून पाझरत नाही. कातडी म्हणजे चाळण नव्हे. तसं असतं तर पावसात भिजून माणसं फुगली असती. पण हे तिथे कुणाला सांगणार? परातीत गोळे होते आणि माझ्याकडे नुसती वाक्यं.

मग मापं झाली. पट्टा बांधण्याआधी भावोजींना तांब्याभर पाणी पाजून, "पोट सैल सोडा, लाजू नका," म्हणत टेप सगळ्यात फुगलेल्या जागी धरला होता. आता तोच टेप चार बोटं वर सरकला होता, आणि बाबा सांगत होता, "श्वास आत... बेंबी पाठीला टेकवा... धरून ठेवा." माप अर्थातच कमी भरलं. टाळ्या वाजल्या. भावोजींनी श्वास सोडला, पोट पुन्हा मांडीवर आलं, पण तोवर सगळे टाळ्यांत रमले होते, पोटाकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

भावोजी लांब पल्ल्याची गाडी चालवतात. ड्युटी कधी पहाटेची, कधी रात्रभराची. झोप तुकड्यातुकड्यांची, वाटेत जे मिळेल ते खाणं, आणि जागं राहायला प्रत्येक थांब्यावर गोड चहा. त्यांचे वडीलही ढेरपोटे होते आणि साखरेच्या आजारानंच गेले. भावोजींना स्वतःला साखरेच्या गोळ्या चालू होत्या. त्या मीच लिहून दिल्या होत्या.

आठवड्याभरानं मी त्यांच्याकडे गेले, तर गोळ्यांची पाकिटं खिडकीत धूळ खात पडलेली.

"बाबा म्हणाले, गोळ्या म्हणजे चरबीचं खत," भावोजी म्हणाले.

"भावोजी, साखर वाढली तर डोळ्यांवर येईल. तुमच्या मागे गाडीभर माणसं बसलेली असतात."

"वहिनी, पट्टा बघा की माझा! कंबरेचा! दोन भोकं आत गेलाय."

तो खरोखर आत गेला होता. त्याचाच मला घोर लागला. "रात्री किती वेळा उठता? तहान लागते का खूप?"

"लागते. बाबा म्हणाले, चरबी वितळली की तिला पाणी लागतंच."

कशावरही बाबाचं उत्तर तयार होतं. मी जावेकडे वळले. "अगं, तू तरी सांग त्यांना. हे बारीक होणं नाही, हे झिजणं आहे. साखर शरीरात मुरत नाही, लघवीवाटे वाहून जातेय."

जावेनं कपबश्या जरा जास्तच जोरात ठेवल्या. "ताई, राग मानू नका. तुमच्याकडे यांना घेऊन आले की तुम्ही काय सांगता? कमी खा, चालत जा. बाहेर रांग असते, तुमचं लक्ष घड्याळाकडे. तो माणूस अर्धा तास पोटाला हात लावून बसतो. विचारतो, झोप लागते का, घरी कुणी बोलतं का. कुणी बरं झालेलं तुम्हा डॉक्टरांना बघवत नाही, असं आम्हाला वाटायला लागलंय."

मला राग यायला हवा होता. पण दिवसभर पेशंट तपासून राग यायलाही अंगात ताकद उरली नव्हती. मी गोळ्यांची पाकिटं पुसून टेबलावर ठेवली आणि उठले.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी डेपोतून आरडाओरडा ऐकू आला. भावोजींनी प्रवासी उतरवून गाडी धुलाईच्या जागेकडे नेली होती, आणि वळण घेताना सरळ हौदाच्या भिंतीवर घातली होती. तिथे झाडणारी बाई झाडू टाकून बाजूला पळाली म्हणून वाचली. भावोजींना दोघांनी धरून माझ्यासमोर आणून बसवलं. ओठ सुकलेले, जीभ जड.

"भिंत दिसलीच नाही हो, वहिनी. सगळं धुक्यात होतं."

बाहेर लख्ख ऊन होतं. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन यंत्राला लावला. यंत्रानं आकडा न दाखवता नुसतंच 'फार जास्त' असं दाखवलं. लगेच सलाइन लावलं, इन्सुलिन सुरू केलं आणि मोठ्या इस्पितळात पाठवलं. रुग्णवाहिकेत जाव माझा हात सोडत नव्हती. थोड्या वेळापूर्वी त्याच गाडीत माणसं होती, लेकरं होती, हे दोघींच्याही मनात होतं.

भावोजी वाचले. शुद्धीवर नीट आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न काय विचारावा?

"पण वहिनी, चरबी तर मी माझ्या डोळ्यांनी बघितली. ती कुठली?"

मी कपाळाला हात लावला. मग वाटलं, माणूस मरणाच्या दारातून येऊन प्रश्न विचारतोय, प्रश्नही बरोबर आहे. त्याला उपदेश नको, उत्तर द्यायला हवं.

जावेकडे घरी बांधायचा एक पट्टा होता, बाबानं 'सिद्ध करून' दिलेला. तो घेऊन आम्ही दोघी पुढच्या बैठकीला गेलो. स्टुलावर वर्कशॉपचा एक मेकॅनिक शर्ट काढून बसायच्या बेतात होता.

"जरा थांबा," मी म्हणाले. "आज आधी दुसऱ्या एका पेशंटचं पोट उतरवायचंय."

कोपऱ्यातल्या टेबलावर डेपोची चहाची मोठी किटली होती, बुटकी आणि गोल पोटाची. ती उचलून मी स्टुलावर ठेवली. गर्दीत खसखस पिकली. बाबा करायचा तसाच पट्टा गरम पाण्यात बुडवला, किटलीभोवती आवळून बांधला, वर शेकाची पिशवी ठेवली.

"हा काय पोरखेळ?" लोणीबाबा म्हणाला. "किटलीला श्रद्धा असते का?"

"नसते. म्हणूनच तिला घेतलं."

थोड्या वेळानं मी पट्टा सोडला आणि त्याच्याच परातीत पिळला. पाण्यावर पिवळे गोळे आले. भावोजींच्या पोटातून आले होते त्याहून मोठेच.

कुणीतरी मागून ओरडलं, "किटलीनं कुणाचे अपमान गिळले हो, बाबा?"

हशा पिकला. बाबाही हसायला गेला, पण त्याला ते जमलं नाही. "भांडं अशुद्ध होतं," तो म्हणाला. "त्याची अशुद्धी निघाली."

तेव्हा जाव पुढे झाली. तिनं पर्समधून कात्री काढली आणि पट्टा उभा कापला. आत दोन कापडं होती. पाठीमागचं जाड, अंगाला लागणारं विरळ. मधल्या पोकळीत पिवळा रंग घातलेलं मेण आणि वनस्पती तूप यांचा थर. गरम पाणी आणि शेक लागला की थर वितळून विरळ कापडातून झिरपायचा, आणि थंड पाण्यात त्याचे गोळे व्हायचे. एवढंच. मी पट्ट्याचा एक दोरा वळून वात केली, नखानं कोरलेला एक गोळा तिच्याभोवती लावला आणि पेटवला. तो मेणबत्तीसारखा जळत राहिला.

"यांच्यासाठी मी तुमच्यापुढे हात जोडले होते," जाव बाबाला म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "गोळ्या सोडा म्हणालात. मी सोडू दिल्या."

बाबानं परात उचलली, तर ती एका ड्रायव्हरनं धरून ठेवली. डेपोच्या साहेबांनी पोलिसांना बोलावलं. अर्धी गर्दी त्याच्यावर चिडली होती. उरलेली अर्धी माझ्यावर. त्यांचा रागही मला कळत होता. एक कंडक्टरीण जाता जाता म्हणाली, "खोटं होतं, पण बरं वाटत होतं."

मेकॅनिक शर्ट घालून तिथेच उभा होता. "मग डॉक्टर, पोट जातं कशानं?"

घरी जायची वेळ झाली होती. तरी मी खाट आडवी करून बसले, त्यालाही बसवलं. सांगितलं की पोटाच्या आत, आतड्या-यकृताभोवतीही चरबी साठते आणि तीच जास्त घातक. ती वाढायला एकटं खाणं कारण नसतं. वय असतं, आईबापांकडून आलेला बांधा असतो, दिवसभर एका जागी बसणं, अपुरी झोप, डोक्यावरचा ताण, दारू, गोड पेयं, बायकांना पाळी जातानाचे बदल, क्वचित एखादा आजार किंवा औषधही. पट्टा बांधून, मालीश करून, नुसते पोटाचे व्यायाम करून फक्त पोटावरची चरबी काढता येत नाही. शरीर कुठली साठवण आधी खर्च करायची ते आपल्याला विचारून ठरवत नाही. थोडं कमी आणि साधं खाणं, रोज दम लागेल इतकं चालणं, स्नायूंना काम देणं, पुरेशी झोप. महिन्यांच्या हिशेबानं फरक पडतो, दिवसांच्या नाही. आणि काही न करता पोट झपाट्यानं उतरायला लागलं किंवा एकाएकी वाढायला लागलं, तर पेढे वाटायचे नाहीत, तपासून घ्यायचं.

"एवढं सगळं?" तो म्हणाला. चेहरा पडला होता.

"एवढं सगळं. यातलं तुला आज काय जमेल, तेवढं सांग."

त्यानं बराच विचार केला. "चहातली साखर अर्धी," तो म्हणाला.

"चालेल."

भावोजींना काही महिने चौकशीच्या खिडकीवर बसवलं. साखर ताब्यात आली, नजरही बरीचशी सुधारली. पोट अजून आहे, पूर्वीपेक्षा कमी. संध्याकाळी नवराबायको चालायला जातात, कंटाळा करतात, भांडतात, पुन्हा जातात. लोणीबाबा सुटून दुसऱ्या कुठल्या गावी गेल्याचं ऐकते. तिथे तो पोटच उतरवतोय की दुसरं काही, माहीत नाही.

म्हणून हे लिहून ठेवते आहे. कुणी तुमच्या अंगातून काही काढून दाखवलं, तर ते तुमच्याच अंगातलं आहे कशावरून, एवढं विचारा. अंगाऐवजी भिंतीला, दगडाला, भांड्याला लावून बघू द्या म्हणा. तो नाही म्हणाला, तर तिथून उठा. चालू औषध कुणी बंद करायला सांगितलं, तर ज्यानं ते दिलं त्याला आधी विचारा. त्याच्याकडे वेळ नसेल तर अडून बसा, वेळ मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे. प्रश्न विचारल्यानं कुणाचंही पोट सुटत नाही.